शाळेची सवलत आणि कॉलेजचे दार : दहावीनंतर महाविद्यालयात येणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींचा विचार

प्रस्तावना

दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पंधरा-सोळा वर्षांचा असतो. वयाने तो शाळकरी मूलच असतो. परंतु महाराष्ट्रात अकरावीला प्रवेश घेतला की तो ‘कॉलेजात’ गेला असे सर्वजण म्हणतात, आणि ते खरेही असते. १९७० च्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला तेव्हापासून अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत, कनिष्ठ महाविद्यालय म्हणून भरतात. पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका आणि आयटीआयचे बहुतेक व्यवसाय अभ्यासक्रम हेही दहावीनंतरच सुरू होतात. मध्य प्रदेशात अकरावी-बारावी शाळेतच होते, तरी पॉलिटेक्निकचा रस्ता तेथेही दहावीनंतरच फुटतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय स्तरावरील कौशल्य शिक्षणालाही श्रेयांक देण्याची तरतूद केली आहे. त्यामुळे शाळेच्या वयात कॉलेजच्या वर्गात बसणाऱ्या मुलांची संख्या पुढे वाढणार, हे उघड आहे.

या मुलांमध्ये काही दिव्यांग असतात. शाळेत पाच-सहा वर्षे एकाच आवारात काढल्याने त्यांची अडचण वर्गशिक्षकांना माहीत असते. पहिल्या बाकावर कोणाला बसवायचे, कोणाला अधिक वेळ द्यायचा, लेखनिकाचा अर्ज केव्हा पाठवायचा, हे ठरून गेलेले असते. कॉलेजच्या दारात ही सारी माहिती गळून पडते. तेथे तासागणिक प्राध्यापक बदलतात, तुकडीत ऐंशी-शंभर विद्यार्थी असतात आणि नवा विद्यार्थी कोणालाच ठाऊक नसतो.

शाळेत मिळालेली सवलत विद्यार्थ्याबरोबर आपोआप पुढे येत नाही. नव्या संस्थेत ती नव्याने मागावी, तपासावी आणि मंजूर करून घ्यावी लागते. ही गोष्ट विद्यार्थी, पालक व अध्यापक यांपैकी कोणालाच वेळेवर कळली नाही, तर पहिली चाचणी, पहिले प्रात्यक्षिक आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत निघून जाते. बुद्धी असूनही मूल ‘कॉलेज झेपत नाही’ या शेऱ्यासह घरी बसते. प्रस्तुत लेखात या सवलतींचे स्वरूप, त्यामागील कायदा आणि अध्यापकांचे काम स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

सोय आणि सूट यांतील फरक

‘सवलत’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली सोय. सोयीमुळे विद्यार्थ्याला जे शिकायचे आहे ते तेच राहते, फक्त तेथवर जाण्याचा मार्ग बदलतो. मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका, लेखनिक, वाढीव वेळ, तळमजल्यावरील वर्ग, सांकेतिक भाषेचा दुभाषी ही सोयीची उदाहरणे होत. दुसरी सूट. सुटीमुळे अभ्यासक्रमच बदलतो किंवा कमी होतो. तिसऱ्या भाषेतून सूट, अथवा एका विषयाच्या जागी दुसरा सोपा विषय घेणे, ही तिची उदाहरणे.

शाळेच्या पातळीवर दोन्ही गोष्टी चालतात व योग्यही असतात. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना १९९० च्या दशकापासून शालेय परीक्षांत सवलती मिळू लागल्या. त्यांत वाढीव वेळेबरोबर भाषेतून सूट आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची मुभाही होती. त्यामुळे पुष्कळ मुले दहावीचा उंबरठा ओलांडू शकली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ज्या मुलाला पुढे विज्ञान शाखा किंवा अभियांत्रिकी पदविका घ्यावयाची आहे, त्याने आठवी-नववीत गणित सोडले तर शाळेची सवलतच कॉलेजचा रस्ता अडवते. म्हणून सूट घेताना पुढील दाराचा विचार आधी करावा लागतो. सोयीला हा धोका नसतो.

महाविद्यालयात मुख्यतः सोय मिळते, अभ्यासक्रमातील सूट क्वचित. हा फरक प्रवेशाच्या वेळीच सांगितला तर पालकांचा अपेक्षाभंग टळतो. कोणती सोय योग्य हे ठरविताना अध्यापकाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : ही परीक्षा नेमके काय मोजते? अर्थशास्त्राच्या पेपरात अर्थशास्त्राचे ज्ञान मोजले जाते, हाताचा वेग नव्हे. म्हणून तेथे लेखनिक दिल्याने कसोटी सैल होत नाही. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात निरीक्षण व अनुमान मोजायचे असेल, तर हातात बळ नसलेल्या विद्यार्थ्याने सांगावे आणि सहायकाने बुरेटची तोटी फिरवावी, हे चालू शकते. वेल्डिंगच्या व्यवसायात मात्र सांधा स्वतःच्या हाताने जोडता येणे हेच कौशल्य आहे. तेथे सहायकाने सांधा जोडणे ही सोय होणार नाही. अशा ठिकाणी अवजारात, टेबलाच्या उंचीत किंवा उजेडात काय बदल करता येईल ते पाहावे.

कायद्याची चौकट

भारतात या विषयावरचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला आणि भारताने तो ऑक्टोबर २००७ मध्ये स्वीकारला. त्याला अनुसरून दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ हा नवा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्यांना काही विशेष हक्क आहेत.

अध्यापकांच्या दृष्टीने या कायद्यातील पुढील कलमे महत्त्वाची आहेत.

कलम २ मध्ये ‘वाजवी सोय’ या संकल्पनेची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क बजावता यावेत म्हणून करावयाचा आवश्यक व योग्य बदल, ज्याचा संस्थेवर अवाजवी बोजा पडत नाही, असा तिचा आशय आहे. अशी सोय नाकारणे हा भेदभाव होय, असे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे सोय देणे ही मेहेरबानी नाही, हे कायद्यानेच ठरवून टाकले आहे.

कलम १६ अन्वये शासनाने निधी दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सर्व शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व परिसर वापरण्याजोगा करावा आणि व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय द्यावी, असे अपेक्षित आहे. ‘निधी दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. परंतु तो निकाल शिक्षण हक्क कायद्यापुरता होता. मान्यताप्राप्त संस्था अल्पसंख्याकांची असली तरी कलम १६ च्या शब्दांत ती बसते.

कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीतील बदलांचा उल्लेख आहे : वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. याच कलमात ४० टक्क्यांवरील दिव्यांग विद्यार्थ्यांना पुस्तके, अध्ययन साहित्य व साधने वयाच्या १८ वर्षांपर्यंत मोफत देण्याची तरतूद शासनाने करावी, असे म्हटले आहे. येथे मोजमाप वयाचे आहे. सोळा वर्षांची मुलगी पॉलिटेक्निकात शिकते म्हणून ती ‘शाळकरी’ उरली नाही, असा युक्तिवाद या तरतुदीपुढे टिकत नाही.

कलम ३२ प्रमाणे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची शिथिलता आहे.

दार तीन, कार्यालये तीन

कायदा एक असला तरी तो राबविणारी कार्यालये निरनिराळी आहेत. खरी अडचण येथे होते. उदाहरणासाठी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दौलतगंज घेऊ. महाराज बाड्याच्या आसपासच्या या जुन्या वस्तीत हिंदी, उर्दू व मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. समजा, येथील एका अंशतः अंध मुलीने मध्य प्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळातून हिंदी माध्यमात दहावी केली. दहावीला तिला वाढीव वेळ व लेखनिक मिळाला होता. आता तिच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता वस्तीजवळच्याच उच्चतर माध्यमिक शाळेत अकरावी घेण्याचा. मंडळ तेच, भोपाळचे. परंतु बारावीच्या परीक्षेसाठी परवानगीचा अर्ज नव्याने करावा लागतो. दहावीची परवानगी बारावीला चालत नाही.

दुसरा रस्ता शहरातील शासकीय पॉलिटेक्निकचा. तेथे परीक्षा माध्यमिक मंडळाची नसून राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाची असते, आणि ती दर सत्राला होते. वर्षातून एकदा करावयाचा अर्ज आता वर्षातून दोनदा करावा लागतो. मुलीचे घर, सवयीचा रस्ता आणि ओळखीचे शिक्षक सुटतात. कार्यशाळा, ड्रॉइंग हॉल आणि प्रयोगशाळा या अनोळखी जागा समोर येतात.

तिसरा रस्ता पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे राहून अकरावी करण्याचा. ग्वाल्हेरच्या मराठी व मुस्लिम कुटुंबांत हे घडत असते. येथे राज्य बदलते, मंडळ बदलते आणि माध्यमही बहुधा बदलते. मध्य प्रदेशच्या मंडळाचे परवानगीपत्र महाराष्ट्राच्या विभागीय मंडळाला बांधील करीत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राचे तसे नाही. केंद्र शासनाचे दिव्यांग ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात, ते देशभर ग्राह्य आहे. म्हणून दहावीच्या वर्षातच ते काढून ठेवणे हिताचे ठरते.

कम्युनिटी कॉलेजातील प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रमांची स्थिती आणखी वेगळी आहे. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झालेली ही कल्पना पुढे इग्नूने व नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर नेली. या अभ्यासक्रमांत सिद्धांताची परीक्षा महाविद्यालय घेते आणि कौशल्याची चाचणी पुष्कळदा बाहेरचा मूल्यमापक घेतो. आतल्या परीक्षेत सोय मिळाली तरी बाहेरून आलेल्या मूल्यमापकाला त्याची माहिती नसते. ही माहिती आधी लेखी कळविणे हे विभागप्रमुखाचे काम आहे.

शिष्यवृत्तीतही हाच खंड पडतो. केंद्र शासनाची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती दहावीला संपते. अकरावी वा पदविकेसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतंत्रपणे करावा लागतो. अनेक पालक ‘चालू आहे’ असे समजून स्वस्थ बसतात आणि एक वर्ष हातचे जाते.

परीक्षेतील सोयी : वेळ आणि लेखनिक

केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दर तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ सांगितला होता. तीन तासांच्या पेपराला एक तास, असा त्याचा हिशेब होतो. ‘जादा’ऐवजी ‘भरपाईचा’ हा शब्द तेव्हा मुद्दाम योजला गेला. लेखनिकाला सांगून लिहविण्यात किंवा बोटांनी ब्रेल वाचण्यात जो वेळ जातो, त्याची ही भरपाई आहे. इतरांपेक्षा अधिक काही दिले जात नाही. त्याच सूचनांप्रमाणे विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याची शैक्षणिक पात्रता एक पायरी खालची असणे आवश्यक होते. २०२५ मध्ये केंद्राने या सूचनांत पुन्हा बदल केले. मंडळे व विद्यापीठे यांची स्वतःची परिपत्रकेही असतात. म्हणून मागील वर्षीच्या कागदावर विसंबून न राहता त्या वर्षीचे परिपत्रक हाती घेऊनच अर्ज करावा.

न्यायालयीन निकालांनी या सोयींची कक्षा रुंदावली आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी असा निर्णय दिला की, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांवरील दिव्यांगांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराचा तो दावा होता. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये, ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असले तरी लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. म्हणून ‘टक्के कमी आहेत, काही करता येणार नाही’ हे उत्तर विद्यार्थ्याला देऊ नये.

दुसरे प्रकरण बारावी होऊन वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसलेल्या विद्यार्थिनीचे आहे. अवनी प्रकाश विरुद्ध राष्ट्रीय परीक्षा संस्था या नावाने ते ओळखले जाते आणि मुंबई उच्च न्यायालयातून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. लेखनाची अध्ययन अक्षमता असलेल्या या विद्यार्थिनीला नियमाप्रमाणे एक तास अधिक मिळावयास हवा होता. परीक्षा केंद्रावर तो नाकारला गेला. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने पुनर्परीक्षेचा आदेश दिला नाही, पण झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करता येईल ते संस्थेने ठरवावे असे बजावले आणि केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना नियमांची माहिती व प्रशिक्षण देण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली. या प्रकरणात नियम होता, तो छापलेलाही होता. उणीव होती ती परीक्षागृहात त्याची जाण असण्याची. परीक्षा केंद्रे शाळा-महाविद्यालयांतच असतात आणि पर्यवेक्षकही बहुधा अध्यापकच असतात. हा धडा प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावा.

उर्दू माध्यमातील विद्यार्थ्यांची एक खास अडचण येथे नोंदविणे आवश्यक आहे. मालेगाव, भिवंडी, मुंबई येथील उर्दू शाळांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तरे उर्दूत लिहावयाची असतील, तर लेखनिकाला नस्तालीक लिपी सफाईने लिहिता आली पाहिजे आणि विषयाच्या संज्ञा कानावर आलेल्या असल्या पाहिजेत. असा लेखनिक आयत्या वेळी मिळत नाही. याच विद्यार्थ्याने विज्ञान शाखा घेतली तर शिक्षण बहुधा इंग्रजीतून असते. उर्दू ब्रेल शिकलेल्या अंध मुलाला, जी लिपी भारती ब्रेलच्या पद्धतीप्रमाणे डावीकडून उजवीकडेच वाचली जाते, इंग्रजी ब्रेलमधील शब्दसंक्षेप नव्याने शिकावे लागतात. माध्यम बदलाचे ओझे आणि दिव्यांगत्वाचे ओझे एकाच जूनमध्ये त्याच्यावर पडते. संस्थेच्या शाळा व महाविद्यालये यांनी मिळून लेखनिकांची एक यादी तयार ठेवली, त्यात उर्दू, मराठी, हिंदी व इंग्रजी लिहिणारे विद्यार्थी-विद्यार्थिनी नोंदवून घेतले, तर ही अडचण फारशा खर्चावाचून दूर होईल. मुलींसाठी स्त्री लेखनिक उपलब्ध असल्यास पालकांचा संकोचही कमी होतो.

वर्गातील सोयी

परीक्षा वर्षातून दोन-चार वेळा येते. वर्ग रोज असतो. वर्गातील सोयी बहुधा बिनखर्चाच्या असतात.

अंध व अंशतः अंध विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने बोलावी. ‘हे इथे, ते तिथे’ असे न म्हणता आकृतीचे शब्दांत वर्णन करावे. टिपणे संगणकावर देताना ती युनिकोडमध्ये असावीत. मराठी टिपणे श्रीलिपीत, हिंदी कृतिदेवमध्ये आणि उर्दू इनपेजमध्ये टंकलेली असली की डोळस विद्यार्थ्याला ती नीट दिसतात, पण पडदा वाचून दाखविणाऱ्या एनव्हीडीएसारख्या प्रणालीला त्यांतून अर्थहीन अक्षरेच ऐकू येतात. एनव्हीडीए विनामूल्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात रूपांतरित करण्यास मोकळीक आहे, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात अशी पुस्तके मिळतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी साधन केंद्र सुरू केले. एखादे महाविद्यालय आपल्याच आवारात काय करू शकते याचा तो नमुना आहे.

कर्णबधिर विद्यार्थी ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. नव्या संज्ञा फळ्यावर लिहाव्यात. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले असून त्याचा शब्दकोश उपलब्ध आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०२१ मध्ये सांकेतिक भाषा हा माध्यमिक स्तरावरील विषय म्हणून आणला. ती भाषा शिकलेली मुले आता महाविद्यालयांत येतील.

अध्ययन अक्षम विद्यार्थी हुशार असतो, बोलतो चांगले, पण वाचन-लेखनात अडखळतो. त्याला वर्गात अचानक उभे करून उतारा वाचायला सांगू नये. व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी द्यावी. विषय शुद्धलेखनाचा नसेल तेथे शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.

अस्थिव्यंग विद्यार्थ्यासाठी उतरत्या वाटेचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. लिफ्ट नसेल तर त्या तुकडीचे वर्ग तळमजल्यावर आणणे हा वेळापत्रकातील बदल आहे, बांधकामाचा नव्हे. थॅलेसेमियाच्या विद्यार्थ्याला ठरावीक आठवड्यांनी रक्त घेण्यासाठी रुग्णालयात जावे लागते. त्याची अनुपस्थिती ७५ टक्क्यांच्या नियमात मोजताना हे ध्यानात घेणे, हीसुद्धा वाजवी सोय आहे.

प्रमाणपत्र, गोपनीयता आणि पालक

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. यात जे घरच्यांनी सांगितले तेवढेच आले. मुलीच्या विवाहाची काळजी, शेजाऱ्यांची चर्चा, रुग्णालयातील हेलपाटे यांमुळे पालक दिव्यांगत्व लपवितात, विशेषतः ते डोळ्यांना न दिसणारे असेल तर. अशा पालकांना दोष देण्याने काही साधत नाही. प्रमाणपत्र देण्यापूर्वी ‘ही माहिती कोणाकोणाला कळेल?’ हा त्यांचा प्रश्न रास्त असतो, आणि महाविद्यालयाजवळ त्याचे उत्तर असले पाहिजे. निदान काय आहे हे समन्वयकापुरते ठेवावे. विषयाच्या अध्यापकाला कोणती सोय द्यावयाची तेवढेच कळवावे. वर्गात नाव घेऊन जाहीर करणे टाळावे.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. २०१८ च्या केंद्रीय सूचनांत हे प्रमाणपत्र १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावे, असे सांगितले होते. २०२४ मध्ये मूल्यमापनाच्या सूचना सुधारून आल्या. विद्यार्थ्याचे शालेय काळातील प्रमाणपत्र बारावीच्या अर्जापर्यंत वैध राहते का, हे प्रवेशाच्या वेळीच पाहावे.

अमेरिकेतील पद्धतीशी तुलना

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेण्याची पद्धत रूढ आहे, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही तिचा लाभ घेतात. शाळेत विशेष शिक्षणास पात्र ठरलेल्या प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा कायद्याने बनवावा लागतो आणि त्यात सोय व सूट दोन्ही असतात. कॉलेज मात्र त्या आराखड्याला बांधील नसते. १९७३ चा पुनर्वसन कायदा व १९९० चा अपंगविषयक कायदा यांनुसार कॉलेज सोय देते, अभ्यासक्रम सोपा करीत नाही. तसेच विद्यार्थ्याने स्वतः कार्यालयात जाऊन आपली गरज सांगावी लागते; पालकांनी परस्पर मागणी केल्याने भागत नाही. म्हणून तेथील जागरूक शाळा मुलांना आपली अडचण स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा सराव नववी-दहावीपासून देतात. आपल्याकडे अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या अर्जावर पालकांची सही लागते, हे योग्यच आहे. पण ‘मला काय दिसते, काय दिसत नाही, आणि काय केले तर मला जमेल’ हे मुलाला स्वतः सांगता येणे, ही शिकविण्यासारखी गोष्ट आहे.

अध्यापकांनी करावयाचे काम

प्रत्येक महाविद्यालयात एक अध्यापक समन्वयक म्हणून नेमावा व त्याचे नाव प्रवेश अर्जावर छापावे. प्रवेश अर्जात ‘शाळेत कोणती सोय मिळत होती?’ असा रकाना असावा. नुसता ‘दिव्यांग आहे का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. त्याला पालक ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात.

पहिल्या पंधरवड्यात समन्वयकाने विद्यार्थी व पालक यांच्याशी बोलून एक पानाचे सोयपत्रक करावे : वर्गात काय, प्रयोगशाळेत काय, परीक्षेत काय. ते प्राचार्यांच्या सहीने संबंधित अध्यापकांना द्यावे. शक्य असल्यास शाळेच्या वर्गशिक्षकांना दूरध्वनी करावा. पाच वर्षांचा अनुभव त्यांच्याकडे असतो.

पहिल्या महिन्यात परीक्षा मंडळ वा विद्यापीठाकडील अर्जाच्या तारखा काढून भिंतीवर लावाव्यात. लेखनिकासह एक सराव चाचणी घ्यावी. लेखनिकाला सांगून लिहविणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते मुख्य परीक्षेच्या दिवशी प्रथमच करावे लागले तर वाढीव वेळही अपुरा पडतो.

सत्र संपताना पत्रक पुन्हा पाहावे. एखादी सोय उपयोगी पडली नसेल तर ती बदलावी. नजर मंदावत जाणाऱ्या किंवा स्नायू दुर्बल होत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अत्यावश्यक आहे.

समारोप

कुरआन शरीफमधील ‘अबस’ या सूरहचा प्रारंभ एका दृष्टिहीन सहाबींच्या प्रसंगाशी निगडित आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम (रजि.) शिकण्याच्या ओढीने आले असता मातब्बर मंडळींशी बोलणे चालू होते आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, शिकू इच्छिणाऱ्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे, अशी समज या आयतींतून देण्यात आली. पुढे त्यांच्यावर अजान देण्याची आणि पैगंबरसाहेबांच्या गैरहजेरीत मदिनेचा कारभार पाहण्याचीही जबाबदारी सोपविली गेली. ज्ञानाचा हक्क आणि जबाबदारीचा विश्वास या दोन्ही गोष्टी त्यांना मिळाल्या.

मुस्लिम शिक्षणसंस्थांनी शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, तंत्रशिक्षण आणि कम्युनिटी कॉलेज एकाच छत्राखाली चालविण्याची परंपरा निर्माण केली आहे. इतर ठिकाणी ज्या दोन कार्यालयांत पत्रव्यवहार करावा लागतो, ती येथे एकाच आवारात, पुष्कळदा एकाच मजल्यावर असतात. दहावीच्या वर्गशिक्षकाने एप्रिलमध्ये एक पान लिहून अकरावीच्या किंवा पदविकेच्या समन्वयकाच्या हाती द्यावे, एवढ्याने अर्धे काम होते. उरलेले अर्धे जूनमध्ये ते पान वाचणाऱ्या अध्यापकाचे आहे.